मुंबईचा पत्ता शेवटून वाचावा

आमच्या सोलापुरात कुणी पहिल्यांदा मुंबईला निघालं, की घरातली वडीलधारी माणसं एवढंच म्हणतात, 'सांभाळून जा रे बाबा.' कसं जायचं, कुठं उतरायचं, कुणाला विचारायचं, हे कुणी सांगत नाही. सांगणाऱ्यानंही मुंबई पाहिलेली असते ती लग्नाच्या वऱ्हाडातून, नाही तर टॅक्सीच्या काचेतून. माझं मुंबईला जाणं-येणं गेली तीसेक वर्षं सुरू आहे. सुरुवातीला कविसंमेलनं आणि मुशायरे, पुढं नातेवाइकांची आजारपणं. त्यामुळं मोहल्ल्यातलं कुणी निघालं की आधी माझ्या दारात येतं. 'भाईजान, जरा कागज पे लिख के देव ना.' अशा बऱ्याच चिठ्ठ्या मी आजवर लिहिल्या. हातात मोबाइल आल्यावर या चिठ्ठ्या बंद होतील असं वाटलं होतं. तसं झालं नाही. मोबाइल रस्ता दाखवतो, पण मुंबई कशी रचलेली आहे ते सांगत नाही. आणि ते कळलं नाही तर दाखवलेला रस्ताही उमगत नाही.

आपल्याकडची गावं गोल वाढतात. मधे किल्ला किंवा तळं, त्याच्याभोवती पेठा, पेठांच्या पलीकडं नगरं. चुकलात तर चक्कर मारून पुन्हा चौकात येता. मुंबईला गोल वाढायला जागाच नव्हती. मुळात ती सात बेटं. भराव टाकून ती जोडली आणि एक लांबट, दक्षिणेकडं निमुळती होत जाणारी जमीन तयार झाली. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंदर आणि खाडी. वाढायचं तर उत्तरेलाच. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी ओलांडणारा रस्ता १८४५ साली झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले होते. माहीमच्या मोठ्या रस्त्याला आजही त्यांचंच नाव आहे, पण पाटीवरचं 'लेडी जमशेटजी' कुणी उच्चारत नाही, सगळे 'एल. जे. रोड' म्हणतात. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, आणि त्यानंतर शहर रुळांच्या कडेकडेनं वर सरकत राहिलं.

म्हणून मुंबईत दिशा सूर्यावरून ठरत नाही, रुळांवरून ठरते. रुळांच्या एका अंगाला पूर्व, दुसऱ्या अंगाला पश्चिम. अंधेरी पूर्व आणि अंधेरी पश्चिम ही जवळजवळ दोन वेगळी गावं आहेत. तुम्हाला पश्चिमेला जायचंय आणि तुम्ही पूर्वेला बाहेर पडलात, तर पायी परत पूल चढावा लागतो. रिक्षात बसून चुकलात, तर पलीकडं जायला उड्डाणपूल किंवा भुयारी रस्ता गाठेपर्यंत अर्धा तास सहज जातो. तेव्हा पत्ता विचारताना स्टेशनच्या नावाबरोबर 'ईस्ट की वेस्ट' हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. अगदी दक्षिणेच्या टोकाला, कुलाबा, फोर्ट, गिरगाव या भागांत हा ईस्ट-वेस्टचा हिशेब चालत नाही. तिथं समुद्र, मैदानं आणि चौक यांच्यावरून खुणा सांगतात.

रुळांचे मुख्य पदर तीन. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून निघते आणि मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली करत ६० किलोमीटरवरच्या विरारला आणि त्याच्याही पुढं जाते. मध्य रेल्वे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून, म्हणजे ज्याला जुनी माणसं अजून व्ही. टी. म्हणतात तिथून, भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे करत कल्याणला जाते. तिथं तिला दोन फाटे फुटतात. एक नाशिकच्या वाटेवर कसाऱ्याकडं, दुसरा पुण्याच्या वाटेवर कर्जतकडं. तिसरी हार्बर. तीही त्याच टर्मिनसवरून निघते, वडाळ्याला दुभंगते, एक पाय वाशी-पनवेलला आणि दुसरा वांद्रे-अंधेरीकडं टाकते. पश्चिम आणि मध्य या दोघी दादरला भेटतात. हार्बर दादरला जात नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

इथं एक नाव हटकून फसवतं. 'मुंबई सेंट्रल' हे स्टेशन मध्य रेल्वेवर नाही, पश्चिम रेल्वेवर आहे. मुंबईकर नुसतं 'सेंट्रलनं ये' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात मध्य रेल्वे असते. एस. टी. चा कंडक्टर 'सेंट्रल' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात मुंबई सेंट्रलचं आगार असतं. दोघंही बरोबर असतात. तसंच वांद्रे टर्मिनस म्हणजे वांद्रे स्टेशन नव्हे. ते खारच्या जवळ आहे, आणि खार स्टेशनवरून तिथं जायला आता पादचारी पूल आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसला सगळे 'कुर्ला टर्मिनस' म्हणतात, पण कुर्ला स्टेशनवरून तिथं जायला रिक्षा लागते. हार्बरवरचं टिळकनगर त्याला त्यापेक्षा जवळ. परतीच्या तिकिटावर कुठलं टर्मिनस छापलंय ते वाचून ठेवा. भलत्याच टर्मिनसवर जाऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तोवर त्यांची गाडी दुसरीकडून सुटलेली होती.

दादरची एक नवी गोष्ट. पूर्वी तिथं पश्चिमेचा एक नंबर वेगळा आणि मध्यचा एक नंबर वेगळा असे. 'एक नंबरवर थांब' म्हटलं की दोघं दोन ठिकाणी उभे. डिसेंबर २०२३ पासून फलाटांना सलग आकडे दिले, पश्चिमेचे १ ते ७, मध्यचे ८ ते १४. पण जुन्या माणसाच्या तोंडी अजून जुनाच नंबर येतो. म्हणून नंबराबरोबर 'वेस्टर्नचा की सेंट्रलचा' हेही विचारावं.

आता पत्त्याकडं येतो. गावाकडचा माणूस पत्ता पहिल्या ओळीपासून वाचतो. खोली नंबर १४, दुसरा मजला, अमक्याची चाळ, मशिदीच्या मागे, तमका नाका, कुर्ला पश्चिम, मुंबई ४०००७०. स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या तो खोली नंबर १४ विचारायला लागतो. ती कुणाला माहीत असणार? मुंबईचा पत्ता शेवटून वाचायचा असतो. आधी पिनकोड, मग स्टेशन, मग पूर्व-पश्चिम, मग नाका किंवा बाजार, मग खूण, मग चाळ किंवा सोसायटी, आणि खोली सगळ्यात शेवटी, जिना चढल्यावर. एका वेळी एकच ओळ विचारायची. नाका सापडेपर्यंत चाळीचं नाव काढायचंच नाही.

पिनकोडही बोलका असतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. त्याआधी मुंबईत टपालाचे स्वतःचे आकडे होते, 'मुंबई २८' म्हणजे दादर पश्चिम. तेच आकडे पिनकोडच्या शेवटी बसवले. म्हणून दादर पश्चिम ४०००२८ आणि दादर पूर्व ४०००१४, कुर्ला पश्चिम ४०००७० आणि कुर्ला पूर्व ४०००२४. पत्त्यात पूर्व-पश्चिम लिहायचं राहिलं असेल, तर पोस्टातला माणूस पिनकोडवरून सांगू शकतो. शिवाय पाहुणे 'मुंबईत राहतो' म्हणत असले तरी पिनकोड ४००६ नं सुरू होत असेल तर ते ठाण्याकडं राहतात, ४२१ नं सुरू होत असेल तर कल्याण-डोंबिवलीकडं. सोलापूरच्या गाडीनं येणाऱ्यानं मग व्ही. टी. पर्यंत जाऊन परत उलटं यायचं कारण नाही. कल्याणला उतरावं, दोन तास वाचतात.

नावांची गंमत वेगळीच आहे. नकाशात एक, पाटीवर दुसरं आणि लोकांच्या तोंडी तिसरं. डॉ. भडकमकर मार्ग विचाराल तर पानवाला तुमच्याकडं बघत राहील, लॅमिंग्टन रोड म्हणा, लगेच हात दाखवील. मौलाना शौकत अली रोड म्हणजे ग्रँट रोड, शामळदास गांधी मार्ग म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीट. काळा घोडा म्हणतात त्या चौकातला मूळचा घोडा, म्हणजे त्याच्यावर बसलेला राजा एडवर्डसुद्धा, १९६५ साली राणीच्या बागेत गेला. मधली पन्नासहून अधिक वर्षं घोडा नसताना लोक 'काळ्या घोड्यापाशी' भेटत होते. २०१७ साली तिथं स्वाराशिवायचा नवा घोडा उभा राहिला. दादरचा 'टी. टी.' म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम १९६४ साली बंद झाली, टर्मिनस मात्र बोलण्यात जिवंत आहे. नवं नाव कागदावर लागतं आणि जुनं रस्त्यावर, तेव्हा चिठ्ठीवर मी दोन्ही लिहितो.

मला यातलं सगळ्यात आवडतं नाव म्हणजे मस्जिद स्टेशन. व्ही. टी. च्या पुढचंच. आमच्याकडचे लोक तिथं उतरून मोठी मशीद शोधतात. मशिदी त्या भागात पुष्कळ आहेत, पण स्टेशनला नाव मिळालं ते, असं म्हणतात, तिथल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून. १७९६ साली बेने इस्रायली समाजातल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनी ते बांधलं. हे बेने इस्रायली कोकणातले, मराठी बोलणारे, आणि आपल्या प्रार्थनास्थळाला ते 'मशीद'च म्हणत. माझ्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला हे नाव उच्चारताना बरं वाटतं, एवढंच. वाट सापडायला त्याचा उपयोग नाही.

विचारायचं कसं, हीही एक कला आहे. 'हा रस्ता परळला जातो का?' असं विचारलं की घाईतला माणूस 'हो हो' म्हणतो आणि निघतो. मुंबईतला प्रत्येक रस्ता कुठून तरी परळला जातोच. 'परळला कुठून जाऊ?' असं विचारावं, म्हणजे त्याला थांबून सांगावं लागतं. विचारावं ते एका जागी बसणाऱ्याला, म्हणजे पानवाला, इस्त्रीवाला, औषधांचं दुकान, चहाची टपरी. इमारतीच्या वॉचमनला बहुधा आपल्या फाटकापलीकडचं माहीत नसतं, तोही बिचारा तुमच्यासारखाच कुठून तरी आलेला असतो. पोस्टमन भेटला तर नशीब. 'भाऊ', 'काका', 'मावशी' म्हणून सुरुवात केली की काम सोपं होतं. मुंबईचा माणूस तुसडा आहे ही समजूत खोटी आहे. त्याला लोकल गाठायची असते, इतकंच.

मात्र विचारायला स्टेशनच्या पुलावर किंवा जिन्यावर थांबू नका. २९ सप्टेंबर २०१७ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर पावसात गर्दी कोंडली आणि चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्या स्टेशनचं नाव २०१८ पासून प्रभादेवी आहे. पुलावर माणसांच्या ओघाबरोबर डाव्या कडेनं चालत राहावं, आणि काय विचारायचं ते खाली उतरून विचारावं. आणि पूल लांब आहे म्हणून कुणी रूळ ओलांडत असेल, तर त्याच्या मागं चुकूनही जायचं नाही.

आता ज्या प्रवासासाठी लोक माझ्याकडं सगळ्यात जास्त चिठ्ठ्या मागतात, त्याविषयी. तो म्हणजे टाटा हॉस्पिटल. १९४१ साली ते सुरू झालं आणि आजही कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून हातात फाइल घेतलेली माणसं तिथं येतात. यातल्या बऱ्याच जणांचा तो मुंबईचा पहिलाच प्रवास असतो. अशा वेळी वाट चुकणं परवडत नाही. आमच्या मोहल्ल्यातलं एक वयस्क जोडपं असंच गेलं. 'परळ' एवढंच कुणी तरी सांगितलेलं. ते पश्चिम रेल्वेच्या लोअर परळला उतरले. लोअर परळ वेगळं आणि परळ वेगळं. आजारी बाईला घेऊन, विचारत विचारत, थांबत थांबत चाचा दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा केसपेपरची खिडकी बंद झाली होती. एक दिवस गेला, आणि रात्र फुटपाथवर काढावी लागली.

तर नीट ऐका. टाटाला जवळची स्टेशनं दोन, मध्य रेल्वेवर परळ आणि पश्चिम रेल्वेवर प्रभादेवी. दोन्ही समोरासमोर आहेत, मधून पादचारी पूल आहे. दवाखाना पूर्वेच्या बाजूला. दादरला उतरून लोकल घेतलीत तर धीमी घ्या, जलद गाडी परळ सोडून पुढं जाते. परळ दादरनंतरचं पहिलंच स्टेशन, बसल्या बसल्या उठावं लागतं. रुग्ण थकलेला असेल तर दादरहून सरळ टॅक्सी करावी, अंतर थोडंच आहे. शेजारीच के. ई. एम. आहे, तेव्हा 'केईएम' म्हणून विचारलं तरी तिथंच पोचाल. प्रभादेवीचा जुना वाहनांचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद केला, म्हणून पश्चिमेकडून गाडीनं येणाऱ्यांनी वळशाचा वेळ धरावा. आणि निघण्याआधी कागद पुन्हा एकदा वाचा. टाटाचंच एक मोठं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. कागदावर खारघर किंवा ४१०२१० लिहिलं असेल तर परळला जाऊन उपयोग नाही, हार्बरनं पनवेलकडं जावं लागेल.

लोकलमध्ये दिव्यांगांसाठी जो वेगळा डबा असतो, त्यात कॅन्सरच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांना बसता येतं. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि ते रुग्णाला घेऊन गर्दीत चिरडत उभे राहतात. दवाखान्याचा कागद वरच्या खिशात ठेवावा. रेल्वेच्या लांबच्या तिकिटातही रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत मिळते, तिचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यावा लागतो. राहायला दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, बाहेरगावच्या रुग्णांसाठीच. तिथं गर्दी असते, तेव्हा नंबर लावताना लाजू नये. ही सोय मुंबईला नवी नाही. जहाजानं हजला जाणारे लोक क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम करत. ती जहाजं १९९५ साली थांबली. आमच्या घरात थोरल्यांच्या तोंडी मुंबई म्हणजे हा मुसाफिरखाना आणि बंदर, एवढीच होती.

लोकलमध्ये चढण्याबद्दल थोडं. फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडी कुठं जाणार, किती वाजता, धीमी की जलद आणि किती डब्यांची, हे सगळं असतं, ते वाचायची सवय करा. सकाळी गर्दीचा लोंढा दक्षिणेला, संध्याकाळी उत्तरेला. शक्य असेल तर सकाळी अकरानंतर निघावं. डब्यावर काय लिहिलंय ते चढण्याआधी बघा. फर्स्ट क्लासचा डबा आतून फार वेगळा दिसत नाही, दंड मात्र वेगळा लागतो. एसी लोकललाही साधं तिकीट चालत नाही. नवरा-बायको वेगवेगळ्या डब्यांत चढणार असतील तर कुठं उतरायचं आणि उतरल्यावर कशाखाली थांबायचं हे आधी ठरवा, 'पुलाच्या जिन्याखाली' असं नेमकं. फलाट कुठल्या बाजूला येणार हे आधीच्या स्टेशनावरच शेजाऱ्याला विचारा आणि त्या दाराकडं सरका. 'कौनसी साइड आएगा?' हे मुंबईचं सगळ्यात जास्त विचारलं जाणारं वाक्य असावं. त्याला कुणी हसत नाही.

बसचा एक फायदा मराठी माणसाला आहे. बेस्टच्या बसच्या कपाळावर नंबर देवनागरीत असतो, म्हणून लांबून वाचता येतो. परप्रांतातल्या पाहुण्याची तिथं पंचाईत होते. मे २०२५ पासून कमीत कमी भाडं दहा रुपये झालं. बसनं वेळ लागतो, पण खिडकीतून शहर कळतं, आणि कंडक्टरला 'अमुक आलं की सांगा' म्हणून ठेवता येतं. रिक्षा फक्त उपनगरांत चालतात. वांद्रे आणि शीव इथं त्यांची हद्द संपते, पुढं टॅक्सी. दोन्हीकडं मीटरनंच जायचं. फेब्रुवारी २०२५ला ठरलेल्या दरानं पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये. बसताना चालकाला एकच विचारा, 'ऊपर से जाओगे या नीचे से?' जे. जे. चा उड्डाणपूल सुमारे अडीच किलोमीटर मोहम्मद अली रोडच्या डोक्यावरून जातो. तुम्हाला मिनारा मशिदीपाशी उतरायचं असेल आणि टॅक्सी वर चढली, तर क्रॉफर्ड मार्केटपर्यंत खाली येता येत नाही. अशा ठिकाणी मोबाइलचा नकाशाही गोंधळतो. तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली, ते त्याला कळत नाही.

मेट्रो आता बऱ्याच मार्गांवर आहे. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा २०१४ पासून, आणि आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण. नवख्या माणसाला ती लोकलपेक्षा सोपी जाते, पाट्या ठळक असतात, गर्दीही तेवढी नसते. फक्त बाहेर पडायची दारं पुष्कळ असतात, प्रत्येकावर जवळच्या ठिकाणाचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचून मगच जिना चढावा.

राहिला रविवार. त्या दिवशी बहुधा रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दिवसा काही तास काही मार्गांवर गाड्या बंद, नाही तर जलदच्या धीम्या झालेल्या. कुठं आणि किती वाजेपर्यंत, हे शनिवारच्या आणि रविवारच्या पेपरात चौकटीत छापून येतं. सोमवारी सकाळी दवाखान्यात नंबर असेल आणि रविवारी दुपारी मुंबईत उतरायचं असेल, तर ती चौकट आधी वाचा आणि दोन तास हाताशी ठेवून घरातून निघा.